स्पेक्ट्रम+ 48के : इम्युलेटर आणि मूळ बोर्ड शेजारी शेजारी, कामाच्या नोंदी

हाताशी असलेला माल: माळ्यावरून उतरवलेला एक 48के स्पेक्ट्रम+, म्हणजे सिंक्लेअरचा 1980 च्या दशकातला घरगुती संगणक (आत इश्यू 4बी बोर्ड; इश्यू म्हणजे बोर्डाची आवृत्ती), मूळ अ‍ॅडॉप्टर, 14 कॅसेटी, एक मोनो कॅसेट रेकॉर्डर आणि एव्ही इनपुट असलेला जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही. भारतात हे यंत्र 1986 पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवान्याखाली 'डीबी स्पेक्ट्रम+' या नावानं विकलं, त्यामुळे आपल्याकडच्या माळ्यांवर ते अजूनही सापडतं. कॅसेटींतले प्रोग्राम वाचवायचे आणि तेच प्रोग्राम इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) व खऱ्या बोर्डावर चालवून फरक कुठे पडतो ते बघायचं, एवढं काम ठरवलं होतं. इम्युलेटर आधी उभा केला, कारण बिघडलेल्या बोर्डाशेजारी एक निरोगी यंत्र लागतंच. तो निर्णय पुढे फार उपयोगी पडला.

4 जानेवारी 2025

लिनक्स लॅपटॉपवर फ्यूज हा इम्युलेटर आणि त्याची टेपची हत्यारं टाकली. वीस मिनिटं. रॉम (यंत्रात कायमचा भरलेला मूळ प्रोग्राम) सोबतच येतो; 1986 मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय घेतलेल्या अ‍ॅमस्ट्रॅडनं हक्क राखून इम्युलेटरसोबत रॉम वाटायला परवानगी दिलेली आहे.

मशीन 'स्पेक्ट्रम 48के' निवडलं, 'इश्यू 2' हा पर्याय बंद ठेवला. हा पर्याय किरकोळ नाही. एकही कळ दाबलेली नसताना कीबोर्डचं पोर्ट 254 वाचलं तर इश्यू 2 बोर्ड 255 देतो, इश्यू 3 आणि पुढचे 191. सुरुवातीच्या काळातले काही प्रोग्राम थेट 255 शी तुलना करतात. नव्या बोर्डावर त्यांना वाटतं कुणीतरी कळ दाबूनच बसलंय. आपला बोर्ड 4बी आहे, म्हणून इम्युलेटरही तसाच हवा.

चाचणीसाठी बेसिकमध्ये छोटा प्रोग्राम केला: 768 बाइटचा देवनागरी फॉन्ट 64512 या पत्त्यावर चढवायचा आणि मराठी मजकूर छापायचा. स्पेक्ट्रम वापरणाऱ्याला घडवता येणारी अक्षरं 21 च देतो, मराठीत व्यंजनंच त्याहून जास्त. म्हणून अख्खा फॉन्टच वळवायचा (पोक म्हणजे मेमरीतल्या पत्त्यावर आकडा लिहिणं, पीक म्हणजे तो वाचणं):

क्लिअर 64511
लोड "" कोड 64512
पोक 23606,0 : पोक 23607,251

फॉन्टच्या खऱ्या पत्त्यापेक्षा 256 कमी लिहायचे असतात, त्यामुळे 252 नव्हे तर 251. इथे पाऊण तास गेला. 8×8 च्या चौकटीत शिरोरेषेला एक ओळ आणि मात्रेला वर दोन ओळी सोडल्या की अक्षराला पाचच उरतात. 'क्ष' आणि 'ज्ञ' वाचता येतात, पण फार जवळून बघू नयेत.

इम्युलेटरवर सगळं चाललं. टॅप फाइल (टेपवरच्या मजकुराची डिजिटल प्रत) जपून ठेवली.

11 जानेवारी

बोर्ड उघडला. तळाचे स्क्रू काढल्यावर झाकण ओढू नका. कीबोर्डच्या दोन पट्ट्या, एक 5 तारांची आणि एक 8 तारांची, बोर्डात अडकलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या होतात. सावकाश सरळ वर ओढूनसुद्धा 8 वाली वळणावर चिरली. कीबोर्ड तसाही बदलावा लागणार होता.

मूळ अ‍ॅडॉप्टर 9 व्होल्ट 1.4 अ‍ॅम्पिअरचा, अनियंत्रित. भार नसताना मल्टिमीटरवर 13 च्या वर दाखवतो. हा दोष नाही, तो असाच असतो. तरी तो वापरायचा नाही असं ठरवलं. बाजारात 9 व्होल्ट 2 अ‍ॅम्पिअरचा एसएमपीएस अ‍ॅडॉप्टर रु. 250 ला मिळाला. धोक्याची जागा: स्पेक्ट्रमला मधली पिन ऋण लागते आणि दुकानात मिळणारे जवळजवळ सगळे अ‍ॅडॉप्टर मधली पिन धन असलेले. वायर कापून उलटी जोडली, रु. 20 चा नवा 2.1 मिमी प्लग लावला, मीटरनं दोनदा तपासलं. अ‍ॅडॉप्टरवर मार्करनं 'फक्त स्पेक्ट्रम' लिहून टाका. हा उद्या राउटरला लागला तर राउटर जाईल.

12 जानेवारी

आज मोठी चूक.

7805 रेग्युलेटरच्या (9 व्होल्टचे 5 करणाऱ्या भागाच्या) पायावर 4.98 व्होल्ट दिसले. तेवढ्यावर समाधान मानून टीव्ही लावला, यूएचएफ चॅनेल 36 वर ट्यून केला आणि बोर्ड चालू ठेवला. पडद्यावर उभ्या पट्ट्या आणि कचरा, ओळखीची कॉपीराइटची ओळ नाही. पाचेक मिनिटं चालू-बंद करून पाहिलं. मग खालच्या रॅमवर बोट ठेवलं तर दोन चिप चटका बसण्याइतक्या गरम.

खालची 16के रॅम म्हणजे 4116 जातीच्या आठ चिप, आयसी 6 ते आयसी 13. त्यांना तीन व्होल्टेज लागतात: पिन 1 वर उणे 5, पिन 8 वर 12, पिन 9 वर 5, पिन 16 जमीन (ग्राउंड). उणे 5 नसताना 12 चालू राहिले की चिप आतून जळतात. मोजल्यावर आकडे असे:

पिन 9: 4.98
पिन 8: 8.4
पिन 1: 0

12 आणि उणे 5 बोर्डावरच टीआर4, टीआर5 हे ट्रान्झिस्टर आणि एका छोट्या कॉइलमधून तयार होतात. टीआर4 गेला की उणे 5 गायब होतात आणि 12 ची रेषा अ‍ॅडॉप्टरच्या आसपास येऊन बसते. 8.4 म्हणजे तीच खूण. यात एक फसवणूक आहे: जुना अनियंत्रित अ‍ॅडॉप्टर भाराखालीही 10-11 व्होल्ट देत असेल, तर घाईत बघणाऱ्याला 12 ची रेषा जवळपास निरोगी वाटते. म्हणून पहिलं मोजमाप पिन 1 चं करा. ते उणे 4.7 ते उणे 5.2 च्या दरम्यान नसेल तर त्याच क्षणी वायर उपटा.

ही पाच मिनिटं दोन चिपांना भोवली. इम्युलेटरच्या बाजूला अशी पाच मिनिटं नसतातच, हे मान्य करायला हवं.

18 जानेवारी

टीआर4 मूळचा झेडटीएक्स 650. त्याऐवजी झेडटीएक्स 651 चालतो. टपालासकट तीन नग रु. 180. एक लावला, चालू केलं, चार सेकंदांत तोही गेला.

कारण शोधण्याआधी फळ बदललं, झाड तसंच राहिलं. टीआर4 सहसा आपण होऊन जात नाही. 12 च्या रेषेवर एखादी 4116 शॉर्ट झालेली असते आणि तो भार त्याला मारतो. नवा ट्रान्झिस्टर लावण्याआधी बोर्ड बंद ठेवून पिन 8 आणि पिन 16 मधला रोध मोजायला हवा होता. मोजला तर 3 ओहम.

आठही चिप समांतर जोडलेल्या असल्यामुळे मीटरनं गुन्हेगार कळत नाही. उपाय: बेंच सप्लायवर 1 व्होल्ट, करंटची मर्यादा 400 मिलिअ‍ॅम्पिअर, धन टोक 12 च्या रेषेवर. अर्ध्या मिनिटानं आयसी 9 एकटीच कोमट लागली. ती काढल्यावर रोध वर गेला.

चिप काढण्याची पद्धत: अख्खी चिप वाचवायचा मोह धरू नका. बारीक कटरनं सोळाही पाय अंगाजवळ कापायचे, धड बाजूला करायचं, मग एकेक पाय सोल्डरिंग आयर्ननं गरम करून चिमट्यानं उचलायचा, शेवटी पंपानं भोकं साफ करायची. पहिल्या चिपवर डिसोल्डर पंपानंच सगळं करायला गेल्यावर पिन 3 चा ट्रॅक उखडला. तिथे वायर-रॅपच्या बारीक तारेनं पूल बांधावा लागला. उरलेल्या दोन चिप पाय कापून काढल्या, एकही ट्रॅक हलला नाही. प्रत्येक जागी सॉकेट बसवलं.

4116 जुन्या साठ्यातल्या मिळतात, नग रु. 120 ला. तीन लागणार होत्या, सहा घेतल्या. त्यातली एक मेलेली निघाली. आठही जागी फक्त 5 व्होल्टवर चालणाऱ्या 4164 लावून 12 आणि उणे 5 ची कटकटच संपवावी, असा विचार येतो. तो अर्धाच बरोबर आहे. रंग तयार करणारी एलएम 1889 चिप 12 व्होल्टवरच चालते, त्यामुळे टीआर4 ची सोबत सुटत नाही.

दुसरा झेडटीएक्स 651 लावला. पिन 8: 11.9. पिन 1: उणे 5.0. मगच चिप सॉकेटात.

25 जानेवारी

आरएफ मॉड्युलेटरला (चित्र टीव्हीच्या चॅनेलवर पाठवणाऱ्या डब्याला) बगल देऊन टीव्हीच्या एव्ही इनपुटसाठी सरळ कॉम्पोझिट चित्र काढलं. मॉड्युलेटरच्या डब्यात दोन वायरी जातात: एक 5 व्होल्टची, एक चित्राची. 5 वाली सोडवली आणि टोकाला टेप गुंडाळली. डब्याचं झाकण उघडून आतला जो रेझिस्टर फोनो सॉकेटच्या मधल्या पिनेला लागलेला असतो त्याचा पाय उचलला, आणि चित्राची वायर 100 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून त्या पिनेला जोडली. कपॅसिटरचं धन टोक बोर्डाकडे. काहीही कापलं नाही, उद्या परत फिरवता येईल.

त्याच बैठकीत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, मुख्यतः 22 आणि 100 मायक्रोफॅरडचे. मूळचे आडवे झोपणारे, दोन्ही टोकांना एकेक पाय असलेले. तसे इथल्या दुकानांत मिळाले नाहीत, उभे घेऊन पाय वाकवून झोपवले. रु. 160. बोर्डावर छापलेल्या ध्रुवतेवर आंधळा विश्वास न ठेवता जुना कपॅसिटर कसा बसवला होता त्याचा फोटो आधी काढून ठेवा.

चित्र: ट्यूबच्या टीव्हीवर एकदम ठीक. एलसीडी टीव्हीवर चित्र दर काही सेकंदांनी थरथरतं. कॉम्पोझिटवरून एचडीएमआय करणारी रु. 650 ची डबी तर पार नापास: स्पेक्ट्रम प्रत्येक फ्रेमला 312 ओळींचं संपूर्ण चित्र पाठवतो, अर्ध्या ओळी एकदा आणि अर्ध्या नंतर असा प्रकार त्याच्याकडे नाही. डबी मात्र तसं धरून दोन फ्रेम एकत्र विणते. परिणाम असा की एका फ्रेमला दिसणारी आणि पुढच्या फ्रेमला नसणारी वस्तू कधी भूत होते, कधी दिसतच नाही. डबी खणात गेली.

26 जानेवारी

सुट्टी सत्कारणी लागली. काळा पडदा, मग पांढरा, आणि खाली 1982 ची कॉपीराइट ओळ. कीबोर्डच्या पट्टीचं चिरलेलं टोक 5 मिमी कापून तात्पुरतं खोचलं.

क्लिअर 64511 दिल्यावर यंत्राचं उत्तर: 'एम, रॅमटॉप नो गुड', म्हणजे तेवढी मेमरीच नाही. हाच प्रोग्राम इम्युलेटरवर निर्धास्त चालतो, म्हणजे प्रोग्राम निर्दोष. इथे शेजारचं निरोगी यंत्र कामी आलं. नाहीतर टेपवरच संशय घेऊन एक दिवस गेला असता. मग मेमरीचा शेवटचा पत्ता दोघांनाही विचारला:

प्रिंट पीक 23732+256*पीक 23733

इम्युलेटर 65535 सांगतो, बोर्डानं 32767 सांगितलं. म्हणजे चालू होताना रॉमनं केलेल्या तपासणीत वरची 32के रॅम नापास झाली आणि यंत्र स्वतःला 16के समजून उठलं. तरीही पोक तिथपर्यंत पोहोचतो, त्याचाच उपयोग केला:

पोक 40000,255 : प्रिंट पीक 40000

उत्तर 239. 255 मधून 16 गेले, म्हणजे बिट 4. वरच्या रॅमच्या चिप आयसी 15 ते आयसी 22, क्रमानं बिट 0 ते 7. तेव्हा संशय आयसी 19 वर. काढण्याआधी खात्री: झेड80 या प्रोसेसरची पिन 7 म्हणजे डेटा 4. तिथून आयसी 19 च्या पिन 2 आणि 14 पर्यंत मीटर थेट वाजला. खालच्या रॅमला ही युक्ती करताना बीप येणार नाही, मध्ये 470 ओहमचे रेझिस्टर असतात. बीपऐवजी तो आकडा शोधा.

वरच्या रॅममधली 4532 ही मुळात अर्धा भाग नापास ठरलेली 64के चिपच. तिच्या जागी पूर्ण 4164 चालते, आणि जिचे दोन्ही अर्धे चांगले तिला बोर्डावरची जोडणी कुठल्या अर्ध्याची आहे याचं सोयरसुतक नसतं. 4164 चे पाच नग रु. 300. सॉकेट लावून एकेक घालून पाहिली: पहिली नापास, दुसरी नापास, तिसरी पास. उरलेल्या दोनपैकीही एक बाद. नव्यासारख्या चकचकीत दिसणाऱ्या चिप पायांवर जुना सोल्डर दाखवत होत्या. घासून पुन्हा छापलेला माल. पाच घेतल्याशिवाय एकीचा भरवसा धरू नका.

65535. फॉन्टसाठी जागा झाली.

1 फेब्रुवारी

कीबोर्ड. निदान सोपं आहे. 40 कळांची जाळी: 8 रांगा, रांगेत 5 कळा. क्यू ते टी या पाचच मेल्या असतील तर 8 तारांच्या पट्टीतली एक तार तुटली. 1, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट, स्पेस, एंटर, पी, 0 या आठ एकदम मेल्या तर 5 तारांच्या पट्टीतली. स्पेक्ट्रम+ वर कळा जास्त दिसतात, पण मागे जाळी तीच. जास्तीच्या कळा दोन-दोन जागा एकदम दाबतात, म्हणून कळांखालचा पडदाही (मेम्ब्रेन) जास्त थरांचा.

चांदीच्या रंगानं तारा जोडायचा प्रयोग केला. दोन दिवस टिकला. पट्टी वाकली की रंग तडकतो. नवा पडदा विलायतेहून मागवला, टपाल आणि सीमाशुल्क धरून रु. 3,400, अख्ख्या कामातला सगळ्यात मोठा खर्च. पोहोचेपर्यंत कॅसेटींकडे वळलो.

8 फेब्रुवारी

14 पैकी 5 कॅसेटींच्या रिळावर पांढरी बुरशी. कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत चार पावसाळे काढलेल्या कॅसेटीला हे चुकत नाही. अशी कॅसेट चांगल्या रेकॉर्डरमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या सगळ्यांना लागते. आधी निरोगी नऊ उतरवल्या, मग बुरशीवाल्या: उघड्या हवेत, तोंडाला मास्क लावून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओला केलेला लिंट न सुटणारा कपडा फितीच्या कडेला धरून पेन्सिलनं पूर्ण गुंडाळली, उलटी-सुलटी दोनदा. दोन कॅसेटींची दाबगादी निखळलेली होती; स्क्रूवाल्या नव्या कवचात फीत हलवली.

रेकॉर्डरचा रबरी बेल्ट डांबर झाला होता. पुलीवरून अल्कोहोलनं खरवडायला तास गेला. नवा बेल्ट रु. 80.

मग हेडचा कोन. हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू बारीक पेचकसानं प्रत्येक कॅसेटीसाठी वेगळा जुळवावा लागतो, कारण ती ज्या रेकॉर्डरवर भरली त्याचा कोन आपल्याशी जुळेलच असं नाही. कानानं: सुरुवातीचा एकसुरी शीळ-आवाज नव्हे, त्यापुढचा खरखरीत भाग जास्तीत जास्त टोकदार ऐकू येईल तिथे थांबा. शीळ 807 हर्ट्झची, ती वाकड्या हेडवरही छान वाजते. शून्याचे बिट मात्र 2047 हर्ट्झचे; कोन चुकला की आधी तेच बोथट होतात.

लॅपटॉपवर 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो, डब्ल्यूएव्ही. शून्याचा एक पल्स 244 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे जवळपास 11 नमुने. 22 किलोहर्ट्झवर पाचच उरतात आणि कमकुवत जागी चुका वाढतात. एमपी3 करू नका. आवाजाची पातळी शिगेला टेकवू नका, पाऊण ठेवा.

फ्यूजच्या हत्यारांतलं 'ऑडिओ टू टेप' वापरून टॅप फाइल. तपासायचं असं: प्रत्येक हेडर ब्लॉक (पुढच्या भागाची ओळख देणारा तुकडा) बरोबर 19 बाइटचा असला पाहिजे आणि ब्लॉकमधले सगळे बाइट एकमेकांशी एक्स-ऑर केले की शून्य यायला हवं. 9 निरोगी कॅसेटींतून 31 पैकी 27 ब्लॉक पहिल्या फेरीत. बाकीचे हेडचा कोन थोडा हलवून तीन-तीन वेळा भरून घेतले, दोन आणखी मिळाले.

15 फेब्रुवारी

नवा पडदा बसला, सगळ्या कळा चालू. आता टॅप फाइल खऱ्या यंत्रात चढवायची, फोनच्या हेडफोन भोकातून.

पहिला प्रयत्न: बॉर्डरवर (चित्राभोवतीच्या कडेवर, जिथे लोड होताना पट्टे दिसतात) काहीच नाही. फोनचा आवाज कमी पडतो; जुने रेकॉर्डर स्पीकर हलवायच्या जोरावर सिग्नल द्यायचे. पीएएम 8403 ची रु. 50 ची अ‍ॅम्प्लिफायर पट्टी लावली, तिलाही 5 व्होल्ट स्पेक्ट्रममधूनच दिले. पट्टी गरम आणि आवाज गायब. चूक अशी की या चिपचं स्पीकरचं उणे टोक जमीन नसतं. दोन्ही टोकं उलटसुलट हलतात. ते इअर सॉकेटमधून स्पेक्ट्रमच्या जमिनीला टेकलं की आउटपुट शॉर्ट. एलएम 386 ची रु. 70 ची पट्टी घेतली. तिचं एक टोक सरळ जमीन. लाल-निळसर शिळेचे पट्टे, मग निळे-पिवळे. चाललं.

आणखी दोन गोष्टी. इअर सॉकेट मोनो आहे. स्टिरिओ प्लग घातला की उजवी वाहिनी जमिनीला जाते, म्हणून फक्त डावी जोडा. आणि फोन विमान मोडवर, आवाज 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद. चौथ्या मिनिटाला आलेल्या संदेशाच्या टिंगनं एक पूर्ण लोड गेला. 48के भरायला जवळपास पाच मिनिटं लागतात, तेव्हा हा टिंग महाग असतो.

त्यानंतरही एक प्रोग्राम दर वेळी दुसऱ्या ब्लॉकवर अडायचा. इम्युलेटरवर तोच क्षणात उघडतो. दोन तास हेड, आवाज, केबल सगळं तपासलं. दोष इम्युलेटरच्या सोयीत होता. हा प्रोग्राम पहिला भाग चढल्यावर तीन-चार सेकंद चित्र रेखाटतो आणि मग पुढचं लोड मागतो. मूळ कॅसेटीवर तेवढी शांतता होती. टॅप फाइल शांतता साठवत नाही. आवाज परत तयार करताना दोन ब्लॉकांमध्ये सरसकट एक सेकंद पडतो. इम्युलेटर प्रोग्रामनं मागेपर्यंत टेप थांबवून ठेवतो, खरा रेकॉर्डर किंवा फोन थांबत नाही. यंत्र चित्र काढेपर्यंत दोन सेकंदांची शीळ निघून जाते.

दुरुस्ती: टीझेडएक्समध्ये (शांतताही साठवणाऱ्या फाइल प्रकारात) बदलून घ्यायचं, त्यातला 10 क्रमांकाचा ब्लॉक सुरू होताच पुढचे दोन बाइट म्हणजे मिलिसेकंदांतली विश्रांती. ई8 03 च्या जागी 88 13 लिहिलं, म्हणजे 1000 चे 5000. हे नको असेल तर ऑडेसिटीत तिथे चार सेकंदांची शांतता घाला. कॅसेट उतरवतानाच मूळ डब्ल्यूएव्ही पुसून टाकू नका, हा धडा इथे मिळाला. कुठे किती शांतता होती हे त्यातच दिसतं. इम्युलेटरमध्ये 'झटपट लोड' बंद करून प्रत्येक फाइल एकदा पूर्ण वेळ देऊन चालवा, तरच ती खऱ्या यंत्रासाठी पास धरा.

22 फेब्रुवारी

दोन्ही शेजारी.

वेग: फ्रेम मोजणारे बाइट 23672 आणि 23673 शून्य करून एक लांब फॉर-नेक्स्ट चालवला. दोन्हीकडे आकडा सारखाच. पण याला फार भाव देऊ नये. यंत्र स्वतःचेच ठोके मोजतंय, इम्युलेटर दुप्पट वेगानं पळवला तरी हाच आकडा येईल. घड्याळ लावून पाहिलं तेव्हाही फरक जाणवण्याजोगा नव्हता.

बॉर्डरवर रेघा काढणारे प्रोग्राम जास्त कठोर परीक्षा घेतात. 48के मध्ये एक फ्रेम 69,888 टी-स्टेटची (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका), आणि पडदा रंगवताना यूएलए (चित्र तयार करणारी चिप) खालच्या 16के साठी प्रोसेसरला 6, 5, 4, 3, 2, 1, 0, 0 अशा क्रमानं थांबवते. आपल्या बोर्डावर एका चाचणीतली रेघ इम्युलेटरच्या तुलनेत किंचित सरकलेली दिसली. फ्यूजमध्ये 'लेट टायमिंग्ज' चालू केल्यावर जुळली. काही खऱ्या यंत्रांत पडद्याची वेळ एक टी-स्टेट उशिरा असते, आपलं त्यांतलं. म्हणजे 'खरं यंत्र' हीसुद्धा एकच वस्तू नव्हे.

आडवं सरकणारं चित्र इम्युलेटरवर अडखळतं, ट्यूबवर लोण्यासारखं. दोष इम्युलेटरचा नाही. स्पेक्ट्रमचं चित्र सेकंदाला 50.08 वेळा, लॅपटॉपचा पडदा 60 वेळा. दर पाच फ्रेमला एक दोनदा दिसते. रास्पबेरी पायवर पडदा 1280×720, 50 हर्ट्झला बसवल्यावर अडखळणं जवळजवळ गेलं. उरलेल्या 0.08 मुळे साडेबारा सेकंदांत एक फ्रेम गळते, ती शोधून बघावी लागते.

कळा: इम्युलेटरमध्ये सिम्बॉल शिफ्ट म्हणजे कंट्रोल. रिकामे अवतरणचिन्ह मिळवायला कंट्रोल-पी दोनदा, हे लक्षात राहीपर्यंत चीड येते. खऱ्या यंत्रावर शब्द कळांवर छापलेलेच आहेत. बेसिक टाइप करायचं असेल तर मूळ यंत्र, मशीन कोड लिहून तपासायचा असेल तर विनातक्रार इम्युलेटर. तिथे थांबवता येतं, रजिस्टर बघता येतात, आणि चूक झाली तर पुन्हा पाच मिनिटं टेप ऐकावी लागत नाही.

1 मार्च

7805 काढून त्या जागी रु. 450 चा स्विचिंग रेग्युलेटर. बोर्ड पाऊण अ‍ॅम्पिअर घेतो असं धरलं तर 9 व्होल्टवर जुना रेग्युलेटर 3 वॉट नुसता तापवतो, मूळ अ‍ॅडॉप्टरच्या 11 वर साडेचार. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बंद डब्यात हे रॅमला नको. पहिल्यांदा चित्रात तिरप्या फिकट रेघा आल्या. रेग्युलेटरच्या आउटपुटला लागूनच 100 मायक्रोफॅरड लावल्यावर गेल्या. अ‍ॅडॉप्टर 9 चाच ठेवायचा, 5 चा नाही. 12 ची रेषा त्याच 9 मधून बनते.

खर्च: अ‍ॅडॉप्टर व प्लग 270, ट्रान्झिस्टर 180, 4116 720, 4164 300, सॉकेट 100, कपॅसिटर 160, कीबोर्डचा पडदा 3,400, बेल्ट 80, अल्कोहोल 150, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर पट्ट्या 120, एचडीएमआय डबी 650, रेग्युलेटर 450. एकूण रु. 6,580. यातली डबी, पहिली पट्टी, जळलेला ट्रान्झिस्टर आणि तीन खोट्या 4164 धरून रु. 940 पाण्यात. वेळ 46 तास, त्यात इम्युलेटरचे तीन. कॅसेटींचे 11 तास दोन्ही बाजूंना समान, ते चुकवता येत नाहीत.

बुरशीवाल्या पाचांपैकी तीन पूर्ण उतरल्या. राहिलेल्या दोनमध्ये फितीचा लेपच सुटतोय, हेडवर तपकिरी भुकटी बसते. त्यांना हात लावणं थांबवलंय. हेड दर फेरीनंतर पुसायला विसरू नका.